जनुकीय चाचणी आणि समुपदेशन : अशर सिंड्रोमचे निदान झालेल्या एका कुटुंबाचा अभिप्राय

पुण्यातील एका जनुकीय समुपदेशन केंद्राची सेवा आम्ही गेल्या वर्षभरात चार वेळा घेतली. त्या सेवेचा हा सविस्तर अभिप्राय आहे. अशर सिंड्रोम म्हणजे ऐकणे आणि दिसणे दोन्ही बिघडवणारा आनुवंशिक विकार. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारीही आल्या आहेत आणि शिवाय मुलीची ओळख उघड होऊ नये अशी आमची इच्छा आहे. ज्यांच्या मुलाला लहानपणापासून कमी ऐकू येते आणि आता दिवेलागण झाली की ते मूल ठेचकाळू लागले आहे, अशा आईवडिलांनी कोणत्याही शहरातल्या अशा केंद्रात जाताना काय विचारावे, पैसे नेमके कशाचे मोजावेत आणि कोणत्या गोष्टीचा आग्रह धरावा, हे त्यांना कळावे म्हणून मी लिहीत आहे.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. मुलगी आता १४ वर्षांची आहे. तिला कमी ऐकू येते हे ती ४ वर्षांची असताना लक्षात आले. त्याआधी शंका आली नाही, कारण मोठ्याने हाक मारली की ती वळून बघायची आणि दाराची कडी वाजली की धावत जायची. मात्र बोलताना शब्दातला ‘स’ आणि ‘श’ ती गाळत असे. ‘साखर’ हा शब्द तिच्या तोंडून ‘आखर’ असाच यायचा. श्रवणतज्ज्ञांनी आलेख काढून समजावले की खालच्या पट्टीतले आवाज तिला बऱ्यापैकी ऐकू येतात, वरच्या पट्टीतले मात्र फारच कमी, आणि स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा आवाज नेमका वरच्या पट्टीत असतो. जे ऐकूच येत नाही ते मूल उच्चारणार कसे? दोन्ही कानांना श्रवणयंत्रे बसवली, वाचा-उपचार झाले, आणि ती गावातल्या नेहमीच्या शाळेत शिकू लागली. त्यानंतर आठ वर्षे आम्ही कानाच्या तपासणीला नियमितपणे जात राहिलो. त्या आठ वर्षांत एकाही ठिकाणी कोणी ‘मुलीचे डोळे कधी तपासले आहेत का?’ असे विचारले नाही, आणि आजही मला सर्वांत जास्त सलते ते हेच.

ती १२ वर्षांची असताना दिवाळीत धाकट्या भावाने अंगणात बांधलेल्या किल्ल्यावर तिचा पाय पडला आणि अख्खा बुरूज ढासळला. भाऊ रडला, आम्ही तिला रागावलो. त्यानंतर असे प्रसंग मोजता येऊ लागले. वीज गेली की ती जागच्या जागी उभी राहायची, जेवताना बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या तिच्या हाताने कलंडायचा, आणि शाळेच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला जायचे ती टाळू लागली. आम्ही तिला वेंधळी म्हणत होतो, पण सासूबाईंनी रातांधळेपण बरोबर ओळखले. त्यांच्या पिढीने रातांधळेपण पाहिले होते ते मुख्यतः ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे, म्हणून गाजर, पपई आणि शेवग्याचा पाला सुरू झाला. सहा महिने गेले तरी फरक पडेना, तेव्हा आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, डोळ्याचा पडदा तपासला, त्याच्या कडेकडेने काळसर रंगाचे पुंजके साचल्याचे सांगितले आणि ईआरजी, म्हणजे पडद्यातून येणाऱ्या विद्युत संदेशांची चाचणी करून घेतली. निदान झाले ‘रेटिनायटिस पिग्मेंटोसा’, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होत जाण्याचा विकार. त्यानंतर त्यांनी मुलीच्या कानातल्या यंत्रांकडे पाहिले, ती कधीपासून आहेत हे विचारले आणि चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले : ‘अशर सिंड्रोम?’ त्या प्रश्नचिन्हासह आम्ही समुपदेशन केंद्रात पोहोचलो.

पहिली भेट सव्वा तास चालली. सरकारी असो की खाजगी, कोणत्याही दवाखान्यात इतका वेळ आम्हाला याआधी कधी मिळाला नव्हता. त्या भेटीचे शुल्क दीड हजार रुपये होते आणि ते मला मुळीच जास्त वाटले नाही. समुपदेशक बाईंनी सर्वांत आधी विचारले की मुलगी बसायला आणि चालायला कधी लागली. डोळ्यांसाठी आलो असताना हा प्रश्न कशाला, असे मला वाटले. आठव्या महिन्यात बसली, वाढदिवसाच्या आसपास चालली, असे मी सांगितले. सायकल चालवते का, डोळे मिटून एका जागी उभी राहू शकते का, हेही त्यांनी विचारले. मग वास नीट येतो का आणि कातडी मासळीच्या खवल्यांसारखी कोरडी पडते का, असेही प्रश्न आले. प्रत्येक प्रश्नामागचे कारण त्यांनी नंतर उलगडून सांगितले, आणि या सेवेतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. त्यामुळे तो भाग मी जरा विस्ताराने लिहिते.

अशर सिंड्रोमचे तीन मुख्य प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात मूल जन्मतःच जवळजवळ पूर्ण बहिरे असते, आणि तोल सांभाळणारा आतल्या कानाचा भागही काम करत नाही. म्हणून अशी मुले उशिरा बसतात, पुष्कळदा दीड वर्षानंतर चालतात, आणि त्यांचे रातांधळेपण पहिल्या दहा वर्षांतच दिसू लागते. दुसऱ्या प्रकारात ऐकण्याची कमतरता जन्मापासूनच असते, पण ती मध्यम ते तीव्र असते आणि वरच्या पट्टीत अधिक असते; तोल चांगला असतो आणि दृष्टीचा त्रास साधारण किशोरवयात सुरू होतो. तिसऱ्या प्रकारात मूल जन्मतः ऐकू शकते आणि ऐकणे पुढे हळूहळू कमी होत जाते. हा प्रकार एकंदरीत दुर्मीळ आहे, पण फिनलंडमध्ये तुलनेने जास्त आढळतो. माझी मुलगी वेळेवर चालली आणि सायकलही चालवते, एवढ्या दोन उत्तरांवरून बाईंचा रोख दुसऱ्या प्रकाराकडे वळला होता. वास आणि कातडी यांविषयीचे प्रश्न रेफ्सम नावाच्या वेगळ्या आजारासाठी होते. त्यातही ऐकणे आणि दिसणे दोन्ही बिघडते, पण त्या आजारात आहारातले काही स्निग्ध पदार्थ काटेकोरपणे टाळले की नुकसान बरेच रोखता येते. दोन आजार वरवर सारखे दिसत असले तरी एकावर पथ्य आहे आणि दुसऱ्यावर नाही, म्हणून नेमके निदान हवे. ‘नाव कळून काय उपयोग?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना मी आता हेच उत्तर देते.

अशर हे नाव ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ चार्ल्स अशर यांच्यावरून आले. हा विकार कुटुंबातून पुढे जातो हे त्यांनी १९१४ साली अनेक रुग्णांच्या अभ्यासातून मांडले. त्याआधी १८५८ मध्ये जर्मनीतल्या अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी बहिरेपण आणि डोळ्याच्या पडद्याचा हा विकार एकाच रुग्णात असल्याची नोंद केली होती. एक लाख लोकांमागे ४ ते १७ जणांना हा विकार असावा असा अंदाज दिला जातो, आणि आनुवंशिक बधिरांधत्वाच्या कारणांत साधारण निम्मा वाटा याच विकाराचा मानला जातो. म्हणजे तो विरळा असला तरी कानाच्या डॉक्टरांनी आणि विशेष शाळांतल्या शिक्षकांनी कधी ऐकलाच नसावा इतका विरळा नाही.

चाचणी साधी आहे. दंडातून थोडे रक्त घेतात आणि प्रयोगशाळेत बहिरेपणाशी व दृष्टिपटलाशी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याशी, संबंधित अनेक जनुके एकाच वेळी वाचतात. आम्हाला अठरा हजार रुपये खर्च आला आणि सात आठवडे थांबावे लागले. संमतिपत्रावर सही घेण्याआधी बाईंनी तीन शक्यता स्पष्ट केल्या : उत्तर मिळेल, उत्तर मिळणार नाही, किंवा असे काही सापडेल की ज्याचा अर्थ आज लागणार नाही. शिवाय, शोधत नसलेला एखादा दुसराच आजार दिसला तर तो तुम्हाला सांगायचा की नाही, हेही त्यांनी आमच्याकडून आधीच लिहून घेतले. पैसे भरण्याआधी एवढी स्पष्टता मिळत नसेल तर त्या ठिकाणी रक्त देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन मागवून घरी थुंकीचा नमुना घेऊन पाठवायच्या चाचण्याही मिळतात. आमच्या एका नातेवाइकांनी तोच स्वस्त मार्ग सुचवला होता. पण अहवाल हाती आल्यावर जे घडले ते पाहता, समजावणारे माणूस समोर नसते तर आमची पूर्ण दिशाभूल झाली असती.

अहवाल नऊ पानांचा आणि पूर्ण इंग्रजीत होता. त्यात ‘यूएसएच२ए’ या जनुकात दोन बदल सापडल्याचे लिहिले होते. एका बदलापुढे ‘रोगकारक’ अशा अर्थाचा शेरा होता, तर दुसऱ्यापुढे ‘अनिश्चित महत्त्वाचा’ असा. पुण्यात राहणाऱ्या माझ्या भावाने तो वाचला आणि ‘ताई, एक नक्की आहे, दुसऱ्याचं काही खरं नाही, म्हणजे बहुतेक काही नसणार’ असा अर्थ काढला. दोन दिवस आम्ही त्या आशेवर होतो. दुसऱ्या भेटीत बाईंनी अहवाल बाजूला ठेवला, दोन कोऱ्या वह्या टेबलावर मांडल्या आणि मला विचारले, ‘तुमच्या घरी लोणचं कोणाच्या हातचं होतं?’ सासूबाईंच्या, असे मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, समजा जनुक म्हणजे लोणच्याची कृती, आणि तीच कृती दोन वह्यांत लिहिलेली आहे. एक वही मुलीला आईकडून मिळाली, एक बाबांकडून. एका वहीतली ओळ पुसली गेली तरी दुसरीत ती शाबूत असते आणि लोणचे बिघडत नाही. तुम्ही दोघे असेच आहात, म्हणून तुम्हाला कानाडोळ्यांचा काहीच त्रास नाही. मुलीकडे मात्र दोन्ही वह्या खराब झालेल्या आल्या असाव्यात, आणि वेगवेगळ्या ओळींवर. पण दुसरीही शक्यता आहे. दोन्ही डाग एकाच वहीत असतील तर दुसरी वही चांगली उरते, आणि मग मुलीच्या त्रासाचे कारण हे जनुक नाही, ते इतरत्र शोधावे लागेल. डाग एका वहीत आहेत की दोन, हे मुलीच्या रक्तावरून कळत नाही. त्यासाठी आम्हा दोघांचे रक्त तपासायला हवे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. इतकी अवघड गोष्ट इतक्या थोड्या सामानात शिकवलेली मी क्वचितच पाहिली आहे.

आमच्या दोघांच्या तपासणीला आणखी साडेसहा हजार रुपये आणि चार आठवडे लागले. एक बदल माझ्याकडून आला होता, दुसरा माझ्या यजमानांकडून. मुलीची लक्षणे, ईआरजी, श्रवणाचा आलेख आणि ही वाटणी एकत्र पाहून अशर सिंड्रोम प्रकार दोन असे निदान लेखी देण्यात आले. आमचे लग्न नात्यातले नाही. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होण्याची चाल अजून पूर्ण संपलेली नाही, आणि असे आजार तशाच घरात होतात असे आम्ही धरून चाललो होतो. दोघांचे पूर्वज एक असतील तर तोच डाग दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. पण परक्या घराण्यांतून आलेल्या नवराबायकोतही दोघे वाहक असू शकतात, म्हणजे दोघांकडेही एकेक वही खराब असू शकते, आणि वाहकाला कोणतेही लक्षण नसल्यामुळे ते आधी कळण्याचा मार्ग नसतो. सासूबाई त्या दिवशी मुद्दाम बरोबर आल्या होत्या. ‘कोणाच्या घराण्याकडून आलं?’ हा त्यांचा प्रश्न. दोन्हीकडून सारखेच, आणि यात कोणाचाही दोष नाही, कारण कोणती वही कोणाला मिळावी हे कोणी निवडत नाही, असे बाईंनी त्यांच्याकडे वळून, त्यांना ‘आजी’ म्हणून, हळू आवाजात सांगितले. घरात पुन्हा तो प्रश्न निघाला नाही. मला विचाराल तर सगळ्या शुल्काचे मोल त्या एका उत्तरात वसूल झाले.

कान आणि डोळा हे इतके दूरचे अवयव एकाच जनुकाने कसे बिघडतात, हे माझ्या मुलीने विचारले होते. या जनुकावरून अशेरिन नावाचे एक फार मोठे प्रथिन तयार होते. त्यात ५,२०२ अमिनो आम्लांची साखळी असते. आतल्या कानात आवाजाने हलणाऱ्या पेशींवर जे सूक्ष्म तंतू असतात, त्यांची जडणघडण होताना त्यांना एकमेकांशी बांधून ठेवण्याचे काम हे प्रथिन करते. डोळ्याच्या पडद्यात, प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या दोन भागांना जोडणाऱ्या बारीक देठापाशीही तेच असते. कानातली घडण जन्माआधीच चुकते, म्हणून ऐकण्याची कमतरता जन्मापासून असते आणि नंतर ती बहुधा फार वाढत नाही. डोळ्यातल्या पेशी तयार नीट होतात, पण वर्षानुवर्षे तग धरू शकत नाहीत. आधी मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी जातात, म्हणून रातांधळेपण. मग कडेची नजर आकसत जाते, आणि नळीतून पाहिल्यासारखे दिसू लागते. तांब्या का कलंडत होता, किल्ला का तुडवला गेला, हे त्या दिवशी आम्हाला कळले. परत येताना एसटीत यजमान बराच वेळ गप्प होते, आणि मग मुलीचा हात धरून त्यांनी तिची माफी मागितली.

‘मी आंधळी होणार का?’ हा प्रश्नही तिनेच विचारला, तिसऱ्या भेटीत, आम्हाला बाहेर बसायला सांगून. तिला काय सांगितले हे नंतर तिनेच मला सांगितले. नजरेचे क्षेत्र वर्षांगणिक लहान होत जाईल. मधली, वाचायला लागणारी नजर बऱ्याच जणांची अनेक वर्षे, पुष्कळदा मध्यमवयापर्यंत उपयोगी राहते. तारीख कोणीही सांगू शकत नाही आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. अल्पवयीन रुग्णाशी स्वतंत्रपणे बोलण्याची ही पद्धत या केंद्राने राखली आहे, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

कुटुंबातल्या इतरांविषयीचा सल्लाही नेमका होता. धाकटा मुलगा ९ वर्षांचा आहे आणि त्याला चांगले ऐकू येते. हा प्रकार जन्मापासूनच्या कमी ऐकण्याने सुरू होत असल्यामुळे त्याला तो नसणार हे जवळपास निश्चित आहे. प्रत्येक गर्भधारणेत चार शक्यता असतात : एकात विकार, दोनांत नुसते वाहकपण, एकात काहीच नाही. त्याच्या बाबतीत विकाराची शक्यता वजा केली की तीन उरतात, त्यांपैकी दोन वाहकाच्या. म्हणजे तो वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. आम्ही लगेच त्याचीही चाचणी करा म्हणालो, तेव्हा बाईंनी नकार दिला. वाहकपणाने त्याच्या प्रकृतीला काहीच होत नाही, त्या माहितीचा उपयोग त्याला लग्नाच्या वयात होईल, आणि ती हवी की नको हे त्यानेच सज्ञान झाल्यावर ठरवावे, असे त्यांचे म्हणणे होते. आणखी एक चाचणी विकण्याची संधी सोडणारे केंद्र विश्वासाचे, असे मी समजते. माझ्या नणंदेच्या मुलाचे लग्न ठरत होते आणि ती घाबरली होती. तिच्या मुलाला हा बदल मिळाला असण्याची शक्यता चारात एक, आणि तो मिळाला असला तरी होणारी बायकोही याच जनुकाची वाहक असेल तरच पुढच्या पिढीला धोका, हे फोनवर पंधरा मिनिटांत, वेगळे शुल्क न घेता समजावण्यात आले. त्या मुलाने स्वतः चाचणी करून घ्यायचे ठरवले आणि होणाऱ्या बायकोलाही ते आधीच सांगितले.

आता तक्रारी. त्या किरकोळ नाहीत, कारण ही सेवा ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच त्या नडतात. समुपदेशन कक्षात बाईंची खुर्ची खिडकीकडे पाठ करून मांडलेली आहे. मागून उजेड आला की बोलणाऱ्याचा चेहरा काळा पडतो. माझी मुलगी निम्मे ऐकते आणि निम्मे ओठांवरून वाचते. पडद्याच्या विकारामुळे तिला चकाकीचाही त्रास होतो. पहिल्या भेटीत सव्वा तासातले तिला किती कळले हे मी घरी आल्यावर विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘आई, मला फक्त तुझा चेहरा दिसत होता.’ कान आणि डोळे दोन्ही अधू असलेल्या माणसाला समजावून सांगायची जागा उजेडाचा विचार न करता मांडली जावी, याचे मला फार वाईट वाटले. दुसऱ्या भेटीत आम्ही सांगितल्यावर खुर्ची बदलली, पण तिसऱ्या भेटीला ती पुन्हा खिडकीपाशीच होती. स्वागतकक्षापासून या खोलीपर्यंतचा बोळ अंधारा आहे आणि मधेच एक पायरी आहे, तिच्या कडेला रंगाचा पट्टासुद्धा नाही. ज्या ठिकाणी रातांधळेपणाचे रुग्ण रोज येतात तिथे पिवळ्या रंगाचा एक पट्टा ओढायला किती खर्च येईल?

दुसरी तक्रार निरोपांची. अर्जावर मुलीने स्वतःच्या हाताने ‘कृपया फोन न करता संदेश पाठवा’ असे लिहिले होते. तरीही प्रत्येक वेळी फोनच आला, आणि तो तिने उचलला तेव्हा पलीकडच्या व्यक्तीने दोनदा तेच वाक्य मोठ्याने म्हणून फोन ठेवला. तिसरी तक्रार अहवालाची. नऊ पानांचा इंग्रजी मजकूर, बारीक टाइप आणि फिकट राखाडी अक्षरे. आकसलेल्या नजरेला सर्वांत अवघड अशी ही छपाई आहे. मराठीतला एका पानाचा सारांश मागितला तर ‘तशी पद्धत नाही’ असे उत्तर मिळाले. शेवटी बाईंनी स्वतः हाताने मोठ्या अक्षरांत काळ्या शाईने दीड पान लिहून दिले. ते पान आज मुलीच्या दप्तरात आहे. पण एका व्यक्तीच्या चांगुलपणावर जे अवलंबून राहते त्याला सेवा म्हणता येत नाही.

उपचारांबाबत त्यांनी खोटी आशा दाखवली नाही, हेही नोंदवायला हवे. दृष्टिपटलाच्या एका वेगळ्या आनुवंशिक विकारावरची, आरपीई६५ या जनुकाची उपचारपद्धती अमेरिकेत २०१७ साली मंजूर झाली. तिच्या बातम्या वाचून आम्ही विचारले होते, पण ती या जनुकाला लागू नाही. जनुक पेशीत पोहोचवण्यासाठी जो विषाणू वापरतात त्यात साधारण ४,७०० अक्षरे मावतात, आणि अशेरिनच्या कृतीला १५,००० हून अधिक अक्षरे लागतात. ती त्यात बसतच नाहीत. वेगळ्या मार्गांनी संशोधन चालू आहे, पण दुकानात मिळेल असे आज काही नाही. मूळपेशींची इंजेक्शने देऊन नजर परत आणू, असे सांगून लाखो रुपये घेणाऱ्यांपासून त्यांनी आम्हाला सावध केले. कोणताही प्रामाणिक वैद्यकीय प्रयोग रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाही, ही त्यांची खूण मी लक्षात ठेवली आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या स्वतःहून देऊ नयेत, त्याने यकृताला इजा होऊ शकते, हेही सांगितले. शेवग्याचा पाला मात्र खुशाल खा म्हणाल्या. दरवर्षी पडद्याची तपासणी आवश्यक आहे, कारण या विकारात मोतीबिंदू होणे किंवा पडद्याच्या मध्यभागी सूज येणे असे त्रास होऊ शकतात आणि त्यांवर उपचार आहेत.

पुढे कुठे जायचे याची यादी मात्र फारच त्रोटक होती. बधिरांध मुलांसाठी मुंबईत हेलन केलर संस्था १९७७ पासून काम करते आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ही नावे आम्हाला शाळेच्या एका विशेष शिक्षिकेने सांगितली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्वाचा उल्लेख बहुविकलांगतेखाली स्वतंत्रपणे आला आहे, त्यामुळे केवळ ‘कर्णबधिर’ म्हणून काढलेले जुने प्रमाणपत्र बदलून घेण्याचा विचार करावा, हेही तिच्याकडूनच कळले. निदान देणाऱ्या केंद्राने एवढे एका कागदावर छापून द्यायला हवे होते.

एकूण खर्च, प्रवास सोडून, तीस हजारांच्या आसपास झाला. प्रश्नांमागची कारणे, वह्यांचे उदाहरण, मुलीशी स्वतंत्र संवाद आणि नको असलेली चाचणी नाकारण्याचा प्रामाणिकपणा या चार गोष्टींसाठी मी हे केंद्र सुचवीन. जागेची मांडणी, निरोपांची पद्धत आणि अहवालाची छपाई यांत त्यांनी सुधारणा केलीच पाहिजे. जाताना श्रवणाचे सगळे जुने आलेख, ईआरजीचा मूळ अहवाल, मूल कधी बसले आणि चालले याची नोंद, आणि दोन्हीकडच्या आजोळ-पणजोळापर्यंतची माहिती बरोबर न्यावी. घरातले सर्वांत वयस्कर माणूस नेता आले तर फार बरे. दुपारी अकरा ते एकची वेळ मागून घ्यावी, म्हणजे बोळात थोडा उजेड असतो. आणि खोलीत शिरल्याबरोबर, बसण्याआधी, समुपदेशकांना खिडकीकडे तोंड करून बसायची विनंती करावी.